पालोम्बाची शिळा

पहाटे साडेतीनला मेंतेश फ्लोरेंतिन उठायचा. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. त्याच्या खोलीच्या खाली पाववाल्याची भट्टी होती. भट्टीत पहिलं सरपण पडलं की वरची फरशी कोमट व्हायची, तेवढ्यावर त्याला जाग यायची. कालचा पाव, चार ऑलिव्ह, असलं तर एक उकडलेलं अंडं. चारला तो खोगीर बांधून रस्त्यावर असायचा आणि साडेचारला ग्रीसमधल्या सालोनिका बंदराच्या धक्क्यावर. युद्धाआधीची आणि नंतरची मिळून एकवीस वर्षं आम्ही एका टोळीत हमाली केली. मी एकदाही त्याच्या आधी पोचलो नाही.

खोगीर म्हणजे गवत ठासून भरलेली चामड्याची जाड गादी. खांद्यांवरून दोन पट्टे येतात आणि खाली कमरेशी एक जाड कड असते, तिच्यावर ओझं बसतं. कच्चा हमाल ओझं हातांनी ओढून धरतो आणि दुपारपर्यंत मोडतो. मेंतेश हात मोकळे सोडून चालायचा. मी बरा हमाल होतो. तो चांगला होता. हा फरक ज्यांनी काम केलंय त्यांना कळेल.

त्याची आणखी एक ख्याती होती. गाठोडं पाठीवर आलं की तो वजन सांगायचा, ओक्यांमध्ये. ओका म्हणजे सव्वा किलोपेक्षा थोडा जास्त. तंबाखूच्या वखारीतले कारकून त्याच्यावर पैज लावायचे. काट्यावर घातल्यावर एखाद्या ओक्याचा फरक निघायचा, क्वचित दोन.

१९३१ साली त्याची आई पालोम्बा वारली. घरात, अंथरुणावर, सगळी जवळ असताना. वर्षभरानं शिळा तयार झाली. आम्हा ज्यूंमध्ये तेव्हा कबरीवर शिळा उभी करत नसत, आडवी टाकत. पाथरवट म्हणाला गाडी करा. मेंतेश म्हणाला, "आईनं मला नऊ महिने वागवलं, तेव्हा गाडी केली नव्हती." त्यानं आधी शिळा धक्क्यावरच्या काट्यावर तोलून घेतली. एकशे दहा ओके. मी आणि त्याचा धाकटा भाऊ, आम्ही ती त्याच्या खोगिरावर चढवली, आणि तो गावाबाहेर चढावरच्या कबरस्तानापर्यंत एकदाच थांबून गेला. फाटकात मात्र तो जरा लवकर वळला. शिळेचा उजवा वरचा कोपरा खांबावर आपटला आणि चार बोटांएवढा तुकडा उडाला. पाथरवटानं वाकून तो तुकडा उचलला आणि भिंतीशी ठेवला. मेंतेशला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

बेचाळीसच्या डिसेंबरात ते कबरस्तान उखडलं गेलं. जर्मन गावात होते. शेकडो वर्षांच्या शिळा गाड्या भरभरून गेल्या. ज्याला पायरी हवी त्यानं पायरी केली, ज्याला गटारावर झाकण हवं त्यानं झाकण. तीन महिन्यांनी आम्हालाही स्टेशनावर गाड्यांत भरलं आणि पोलंडातल्या छावणीत नेलं. आमच्या गावातून पन्नास हजारांच्या आसपास माणसं गेली असतील. पंचेचाळीसला मी परत आलो तेव्हा सगळे मिळून दोन हजारही भरत नव्हतो. मेंतेशची बायको, तीन मुलं, भाऊ, सासू गेली. मला त्याची पाठ ओळखू आली म्हणून तो मेंतेश आहे हे कळलं. तोंड बदललं होतं.

त्या सहा जणांना कबर नाही. घरातल्या माणसांपैकी जमिनीत गेलेली एकटी आई होती आणि आता तिचीही जागा नांगरून सपाट केलेली. हाडांचा पत्ता नव्हता. शिळा तेवढी कुठेतरी असणार, कारण दगड कोणी जाळत नाही. हा हिशेब मेंतेशनं परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच मला सांगितला.

"शिळा सापडली की नव्या कबरस्तानात टाकतो," तो म्हणाला. "मग एक जागा होईल, जिथे मी उभा राहून कद्दिश म्हणेन. सहाही जणांसाठी तिथेच म्हणेन. आता म्हणायचं तर कुठे तोंड करून म्हणू, दारिओ? स्टेशनाकडे?"

कद्दिश म्हणजे मेलेल्यासाठी मुलानं म्हणायची प्रार्थना. त्याला ती पाठ होती, पण परत आल्यापासून त्यानं ती तोंडातून काढली नव्हती. शनिवारीही तो कामाला यायचा. पूर्वी आमच्या शब्बाथला बंदर बंद असायचं, जहाजं बाहेर वाट बघत उभी राहायची. आता शनिवारी काम आणि रविवारी सुट्टी. मी एकदा म्हटलं, शनिवारी तरी घरी बस. तो म्हणाला, "देवाशी बोलणं बंद आहे. आणि बंद आहे तोवर त्याच्या सुट्ट्या मी घेणार नाही."

रविवारी तो गाव फिरायचा, मान खाली घालून. अंगणं, पायऱ्या, खानावळींचे ओटे, गल्ल्यांची फरसबंदी. आमच्या शिळा जागोजाग होत्या. काहींची अक्षरं वर होती, बरीचशी पालथी. मेंतेश अक्षरं बघत नव्हता, त्याला वाचता येत नव्हतं. तो कोपरे बघायचा. उजवा वरचा कोपरा, चार बोटं तुटलेला.

क्रेनवरचा पानागोस नावाचा ग्रीक त्याला दर सोमवारी विचारायचा, "काय मेंतेश, सापडलं का काही?"

"तुझी अक्कल सापडली. गटारात होती. तिथेच राहू दिली, तुला हरवल्याचं कळलंही नव्हतं."

पहिली दोन वर्षं पानागोस हसायचा. नंतर त्यानं विचारणं सोडलं. मेंतेशनंही मग उत्तरं बनवणं सोडलं.

सत्तेचाळीसला त्यानं नव्या कबरस्तानात एक जागा विकत घेतली. गावाच्या वायव्येला, चढावर. तिथला राखणदार शाबेताय म्हातारा होता. आम्ही त्याला तिओ म्हणायचो, म्हणजे काका. तिओ शाबेताय म्हणाला, "माणूस नसलेल्या जागेचे पैसे घेणं मला बरं वाटत नाही, पोरा."

"माणूस येईल."

"कोण?"

"आई. वाटेत आहे."

अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात त्याला खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टरनं सांगितलं, ओझं उचलायचं नाही. मेंतेश म्हणाला, "मग काय उचलू, टोपी?" डॉक्टर म्हणाला, असंच चालू ठेवलं तर दोन वर्षं, तीन वर्षं. मेंतेशनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी साडेचारला धक्क्यावर आला. फक्त रविवारी फिरताना तो आता भरभर चालायला लागला.

स्टेशनामागे आमची जुनी वस्ती होती. युद्धाआधी तिथे सगळी आमचीच माणसं, हमाल, कोळी, सिगारेटी वळणाऱ्या पोरी. आता तिथे दुसरे लोक राहत होते. बरेचसे बावीस साली तुर्कस्तानातल्या स्मिर्नाहून पळून आलेले ग्रीक, त्यांचीही मुलंबाळं वाढलेली. चार वर्षं मेंतेशनं सगळं गाव पालथं घातलं होतं, ही वस्ती सोडून. एकोणपन्नासच्या ऑक्टोबरात तो म्हणाला, "दुसरं काही उरलं नाही." मी त्याच्याबरोबर गेलो.

दारांच्या चौकटींवर उजव्या बाजूला तिरक्या खाचा अजून होत्या. पवित्र वचनाची डबी ठोकायची जागा. डब्या गेल्या होत्या, खाचांवरून रंग दिलेला होता. मेंतेश स्वतःच्या घराच्या गल्लीत शिरला नाही. मागून वळसा घातला. कोणी आम्हाला हटकलं नाही. एक बाई दारात चणे निवडत होती, तिनं बघितलं आणि पुन्हा निवडायला लागली. आपल्याच गल्लीत पाहुण्यासारखं चालायला किती ताकद लागते, हे वजनात सांगता येत नाही.

पुढच्या गल्लीत कोणीतरी कपडे आपटत होतं. मेंतेश थांबला.

"सिमेंट नाही," तो म्हणाला. "संगमरवर आहे."

आवाजावरून. मग मलाही ऐकू आलं.

अंगणात नळाशेजारी एक पन्नाशीची बाई धुणं धूत होती. तिच्यासमोर सिमेंटात बसवलेला लांब पांढरा दगड, बायकांच्या धोपटण्यानं मधोमध गुळगुळीत झालेला. पालथा. मेंतेश फाटकात उभा राहून बघत होता. सुलटा केला तर उजवा वरचा येईल, तो कोपरा नव्हता. चार बोटं.

"काय बघताय?" बाईनं विचारलं.

"दगड."

"कधी बघितला नव्हता?"

"हा माझ्या आईचा आहे."

बाईनं हात एप्रनला पुसले आणि उठली. तिचं नाव फोतिनी, ते नंतर कळलं. "सगळे असंच म्हणतात. गेल्या वर्षी शेजारी एक जण आला, म्हणे ही पायरी माझ्या आज्याची. रडला, पायरीला मिठी मारली. उखडली तर घोड्यांच्या हौदाचा काठ निघाला."

"कोपरा बघ. तो मी तोडलाय."

"मोठ्या ऐटीत सांगतोस!"

"ऐटीत नाही, बाई."

तिनं तुटलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "हा दगड मी तीन ओके तेल देऊन घेतलाय, गाडीवाल्याकडून. उपासमारीच्या दिवसांत. तेव्हा तीन ओके तेल म्हणजे काय होतं, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"माझी आई स्मिर्नात पुरलेली आहे. तिच्या उरावर आता कोणी बकऱ्या बांधल्या असतील. तू हमाल दिसतोस. आणून देतोस मला? नाही ना? मग मी कोणाकडे जाऊन रडू?"

मेंतेशनं विचारलं, "किती?"

"दोन लिरा. सोन्याच्या. कागद मी घेत नाही, सकाळचा कागद संध्याकाळी मासा बांधायला जातो. पोरीला शिलाईचं मशीन घ्यायचंय. तेवढं झालं की तुझी आई तू ने. आणि पैसे हातात पडेपर्यंत पहार लावायची नाही. माझा नळ फुटला, अंगण फुटलं आणि तुझी आई नाहीच निघाली, तर मी काय करू?"

दोन सोन्याच्या लिरा म्हणजे हमालाची काही महिन्यांची कमाई, तीही न जेवता. मी म्हणालो, एक माझ्याकडची घे. त्यानं मान हलवली. "हे वाटून घ्यायचं ओझं नाही."

इथे एक गोष्ट मला लिहायला हवी. कडेचं सिमेंट एका जागी सैल झालं होतं. तिथे बोट घालून दगडाची जाडी बघता आली असती. फोतिनीनं पहारीला मनाई केली होती, बोटाला नाही. पालोम्बाची शिळा मी स्वतः उचलली होती, ती किती जाड होती ते मला आठवत होतं. मी बोट घातलं नाही. मेंतेशचा चेहरा बघितला आणि मला ते मोजमाप घ्यावंसं वाटलं नाही. कामात अशी दया दाखवली की ती कोणाच्या तरी अंगावर येते.

त्यानं सहा महिने काढले. जेवणाच्या सुट्टीत तो कोळशाच्या वखारीत पाट्या टाकायला जायचा. अंडं बंद झालं, मग ऑलिव्ह बंद झाले. रक्त पडायचं ते तो धक्क्याच्या कडेला जाऊन पाण्यात थुंकायचा, म्हणजे मुकादमाला दिसणार नाही. मुकादमाला दिसत होतं. त्यालाही दुसरा असा हमाल मिळणार नव्हता.

दर रविवारी तो फोतिनीच्या अंगणात जाऊन बसायचा. पहिल्या रविवारी तो तिला म्हणाला, त्याच्यावर धोपटू नकोस. ती म्हणाली, "मग काय डोक्यावर धुवू?" पण नाताळाच्या सुमाराला मी गेलो तर धुणं बाजूच्या लाकडी टपात होतं, आणि दगड कोरडा होता.

"पाठ दुखते वाकून," फोतिनी माझ्याकडे न बघता म्हणाली. "म्हणून टप घेतला."

मार्चमध्ये दोन लिरा झाल्या. पहिली त्यानं मार्चच्या सुरुवातीलाच तिला देऊन टाकली, उरलेली महिनाअखेरच्या रविवारी सकाळी सहाला. फोतिनीनं ती दातांनी चावून बघितली, मग स्वतःलाच लाज वाटल्यासारखी आत गेली आणि कॉफी घेऊन आली. आम्ही कॉफी घेतली नाही. पहारी लावल्या.

सिमेंट चांगलं घातलेलं होतं. तासभर गेला. शिळा सुटली तेव्हा अक्षरांची बाजू चुन्यानं आणि सिमेंटानं भरून गेलेली होती. एक अक्षर दिसत नव्हतं. मी म्हणालो, "इथे नळ आहे. धुऊन घेऊ."

"तिथे धुऊ," मेंतेश म्हणाला. "तिच्या जागेवर. इथे बायकांनी धुणं धुतलंय."

मी गाडीचं बोललो. पुढच्या वळणावर एक हातगाडीवाला होता. मेंतेशनं खोगीर बांधलं आणि गुडघ्यावर बसला. मी आणि फोतिनीची मुलगी, आम्ही शिळा उभी करून त्याच्या पाठीवर टेकवली. तो उठला. उठताना त्याच्या मानेच्या शिरा मला दिसल्या. पन्नास वर्षांचं, छावणीतून आलेलं, फुप्फुस गेलेलं शरीर. पण तो उठला, हात सोडले, आणि चालू लागला. मी मागे.

गल्ली संपली. रेल्वेचं फाटक आलं. मी त्याच्या पायांकडे बघत होतो, पाय नीट पडत होते. फाटकापलीकडे चढ सुरू होतो. तिथे तो उभा राहिला.

"दम घेतोस?" मी विचारलं.

त्यानं पाठ थोडी हलवली, जशी तो काट्याआधी हलवायचा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"दारिओ," तो म्हणाला, "ही आई नाही."

"काय बोलतोस!"

"नव्वद. नव्वदाच्या वर दोन. चुना धरून."

"कोपरा गेलाय. मधे झिजलीय. आणि तू अठरा वर्षांपूर्वी उचलली होतीस."

"कोपरा एक ओकाही नव्हता. मला वजन शिकवू नको."

"मेंतेश, मला वाचू तरी दे आधी."

"मला वाचायची गरज नाही. उतरव."

चढाच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. तिथे शिळा उतरवली, आडवी केली, अक्षरं वर. मी ओंजळीनं पाणी मारलं आणि चाकूनं चुना खरवडला. सिमेंट निघता निघत नव्हतं. मेंतेश बाजूला उभा होता, शिळेकडे पाठ करून. बऱ्याच वेळानं एक ओळ निघाली. हिब्रू मला वाचता येतं, फार नाही, पण कबरीपुरतं येतं.

"रिकुला," मी वाचलं. "योमतोव बेराहाची बायको. तरुण होती. वय पुसलंय, पण 'तरुण' लिहिलंय."

"बेराहा कोण?"

"मासळीबाजारात एक बेराहा होते. दोन कुटुंबं."

"त्यांच्यातलं कोण आलं परत?"

मासळीबाजारातून परत आलेल्यांची यादी आम्ही दोघंही तोंडपाठ म्हणू शकत होतो. ती तेवढीच मोठी होती. त्यात बेराहा नव्हता.

उखडलेल्या दगडाचा कोपरा तुटणारच. पहारीनं उखडला की कोपराच आधी जातो. गावभर उजवे कोपरे तुटलेल्या हजार शिळा असतील. चार वर्षं त्यानं कोपरे बघितले आणि मला, दगड हाताळलेल्या माणसाला, हे एकदाही सुचलं नाही.

मेंतेश मला म्हणाला, "इथे बस," आणि परत गेला. तो कुठे जातो हे मला कळलं. मी शिळेशेजारी जमिनीवर बसलो. शिळेवर बसलो नाही. अर्ध्या तासानं तो आला. खोगीर अजून पाठीवर होतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"एक लिरा मशीनवाल्याला दिली तिनं. मशीन घरात आलंय, पोरगी त्याच्यावर बसलीय. दुसरी आहे. म्हणाली, दगड आणून होता तसा बसवून दे, सकाळची लिरा परत घे."

"तशी बरी बाई आहे."

"बरी आहे. रडत होती. मला तिचं रडणं नको होतं, मला दोन्ही लिरा हव्या होत्या." तो नळाच्या खांबाला टेकला. "एक तर एक. एकीत अजून एखादा दगड विकत घेता येईल. आई अजून कुठेतरी आहे, दारिओ. कोणाच्या तरी पायाखाली आहे. एक लिरा हातात असली तर निदान विचारता येईल. नसली तर फाटकात उभा राहून नुसता बघणार मी? आणि किती दिवस? तुला माहीत आहे किती दिवस."

मी म्हणालो, "मग चल. परत ठेवू. मी उचलतो या खेपेला."

"थांब जरा."

"थांबून वजन कमी होणार नाही."

"थांब म्हणतो ना."

त्यानं खोगिराचे पट्टे सोडले, पुन्हा बांधले, पुन्हा सोडले. मग तो ओरडला. कोणावर ते मला सांगता येणार नाही. रेल्वेच्या फाटकाकडे तोंड करून ओरडला, शब्द नव्हते, आणि खोकला आला म्हणून थांबला. फाटकवाला खिडकीतून बघायला लागला. मेंतेशनं रुमालात थुंकलं आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.

रविवार होता. चर्चमधून सुटलेल्या बायका पाण्याला यायला लागल्या. आमच्यामुळे नळाची वाट अडत होती. एकीनं विचारलं, "हे किती वेळ इथे ठेवणार?" मी म्हणालो, हलवतोच आहोत. तिच्या मागून एक जाडजूड माणूस आला, चांगल्या रविवारच्या कपड्यांत. त्याच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या. नळाखाली एक लावली आणि दुसरी टेकवायला जागा शोधली. खाली चिखल होता. त्यानं बादली शिळेवर ठेवली, बरोबर रिकुलाच्या नावावर. त्याच्या मनात काही नव्हतं. पांढरा, स्वच्छ धुतलेला दगड होता, बादली ठेवण्यासारखा. मीही कदाचित ठेवली असती.

मेंतेश बादलीकडे बघत राहिला. बादली भरून दुसरी लागली, मग पहिली शिळेवर आली. पाणी हिंदकळून अक्षरांत साचलं. तो माणूस बादल्या उचलून गेला. मागून आलेल्या मुलीनं तिचा घडा त्याच जागी टेकवला.

"पोरी, तो घडा उचल," मेंतेश म्हणाला.

"का?"

"उचल म्हणतो. बाई झोपलीय."

मुलगी घाबरली आणि घडा उचलून मागे सरली. मेंतेश गुडघ्यावर बसला आणि पाठ वळवली.

"चढव."

"कुठे न्यायची?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"वर."

मी एकट्यानं ती उभी केली आणि टेकवली. ब्याण्णव ओके. त्यानं ती नेली. तीन वेळा थांबला. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, आता मला दे. त्यानं दिली. उरलेली वाट मी नेली, म्हणून तिचं वजन मी खात्रीनं सांगतो, ब्याण्णवच होती.

फाटकात तिओ शाबेताय होता. तो मेंतेशकडे बघून हसला, मग हसणं थांबवलं.

"आणलीस आई?"

"नाही."

"मग ही कोण?"

"रिकुला बेराहा."

"तुझी कोण लागते?"

"कोणी नाही."

"मग भिंतीशी टेकव, पोरा. तिथे ठेवल्यात अशा. बेवारशी खूप आहेत."

"टेकवायची नाही. आडवी टाकायची. माझी जागा आहे ना?"

तिओ शाबेताय माझ्याकडे बघायला लागला, जणू मी काही सांगेन. मी खडी आणायला गेलो. माझ्या मागे मी त्याचं बोलणं ऐकलं.

"मेंतेश, ती जागा तू पालोम्बासाठी घेतलीस. तीन वर्षं मी तिथलं तण काढतोय. उद्या आई सापडली तर तिला कुठे टाकू?"

"सापडायची नाही," मेंतेश म्हणाला.

पंचेचाळीसपासून हे वाक्य त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. आवाज साधा होता. पाऊस येणार नाही म्हणावं तसा.

शिळा बसवायला दोन तास लागले. खाली खडी, मग वाळू, मग पाणी मारून ठोकणं. डोक्याकडची बाजू एक बोट खाली जात होती, मेंतेशनं दोनदा काढायला लावली. पाण्याचा थेंब मधोमध टाकला तर तो कुठेच वाहिला नाही, तेव्हा तो उठला. तिओ शाबेतायनं विचारलं, कद्दिश म्हणायचं का, माणसं गोळा करू का. कद्दिशला दहा जण लागतात. मेंतेश म्हणाला, "मी हिचा मुलगा नाही," आणि खोगीर काखेत घेऊन फाटकाकडे गेला. खोगीर बरोबर असून ते पाठीवर न बांधता चालताना मी त्याला तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पुढच्या रविवारी तो बाहेर पडला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कामाला मात्र रोज साडेचारला हजर. नोव्हेंबरात धक्क्यावरच पडला, पाठीवर साखरेचं पोतं असताना. दवाखान्यात अकरा दिवस काढले. शेवटी शेवटी तो मला ओळखत होता, पण बोलायचा वजनांबद्दलच, या पलंगावर कोण किती ओक्यांचं आहे ते.

समाजानं त्याला मागच्या ओळीत पुरलं, फुकट. दुसऱ्या दिवशी मी त्याची खोली रिकामी केली. खोगीर, दोन सदरे, एक पातेलं. पैसे नव्हते. पंचेचाळीस ते पन्नास, पाच वर्षांची हमाली, पहाटे साडेतीनपासून. तिच्यातून एका ग्रीक मुलीला शिलाईचं मशीन आलं, आणि ज्या बाईला आम्ही कोणी कधी पाहिलं नव्हतं तिच्या नावाला चढावर साडेतीन हात सपाट जागा मिळाली.